कानातल्या खड्याचं वय

माशाला कान असतात हे काजताईंना पहिल्यांदा कुणी सांगितलं, तेव्हा त्या खो-खो हसल्या होत्या. बाहेरून दिसत नाहीत, पण डोक्याच्या आत दोन्ही बाजूंना कान असतात आणि प्रत्येक कानात एक पांढरा खडा असतो. कणीएवढा, फार तर डाळीएवढा. झाडाच्या बुंध्यात वर्षाला एक वळं पडतं, तशी या खड्यात वर्षाला एक कडी पडते. कड्या मोजल्या की माशाचं वय कळतं. माणसाचं दाखल्यावरचं वय वेगळं आणि खरं वेगळं असू शकतं, पण माशाचं वय देवानं त्याच्या कानातच सांगून ठेवलंय. तिथं लबाडीला जागा नाही.

"माणसाच्या कानात असं काही असतं ना," काजताई म्हणायच्या, "तर अर्धी लग्नं मांडवातच मोडली असती!"

समुद्राकाठच्या मासे संशोधन केंद्रात हे खडे वाचायचं काम त्या करत. काजताई हे नाव मात्र जुन्या धंद्याचं. लग्नानंतर बरीच वर्षं त्या घरी बसून एका शिंप्याच्या शर्टांना काजं करून द्यायच्या. हातानं केलेलं त्यांचं काज असं सुबक की गिऱ्हाईक बटण लावायच्या आधी क्षणभर बघत राही. मग शिंप्यानं काजांचं यंत्र आणलं आणि काजताईंचं काम गेलं. केंद्रात मासे साफ करायला बाई हवी होती म्हणून त्या तिथं लागल्या. चिमट्यानं न तुटता खडा काढायचं जमलं, पुढे मॅडमनी हाताला धरून खडा वाचायला शिकवलं. मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख. वयानं काजताईंहून लहान, पण शिकवताना कधी वैतागल्या नाहीत. काजताई रोज देवापुढे हात जोडताना घरच्या माणसांच्या पाठोपाठ त्यांचंही नाव घ्यायच्या.

एकाच माणसाच्या मोजणीवर विसंबायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. म्हणून दुसरे मोजणारे होते घड्याळजी. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं खोपटं होतं. मोबाइल आले, लोकांनी मनगटं मोकळी केली आणि घड्याळजी आपले चिमटे घेऊन केंद्रात आले. माणूस अबोल. दिवसभरात बोलतील ते चहा आला की नाही एवढंच. पण खड्याच्या बाबतीत मात्र पक्के हट्टी.

खोली लहान. सूक्ष्मदर्शक एकच, त्याच्यापुढे दोन स्टुलं, भिंतीला लागून बाटल्यांचं कपाट आणि कितीही धुतलं तरी न जाणारा माशांचा वास. दोघांनी मोजणीची स्वतःची एक तऱ्हा काढली होती. आधी एकानं बघायचं, मग दुसऱ्यानं. तोवर कुणी हूं की चूं करायचं नाही. मग समोरासमोर बसायचं, काजताईंनी "वर!" म्हणायचं आणि दोघांनी एकदम बोटं वर करायची. जितकी बोटं तितकी वर्षं. दोघांची बोटं सारखी निघाली तर आकडा पक्का. नाही निघाली तर पुन्हा बघायचं, आणि तरी नाहीच जुळलं तर तो खडा एका पत्र्याच्या डबीत टाकायचा. तिचं नाव भांडणाची डबी. आठवड्याच्या शेवटी मॅडम ती उघडत आणि निवाडा करत.

नवीन माणसाला वाटे, इथं पोरांचा खेळच चाललाय.

"ती बाहेरची कडी खोटी आहे," घड्याळजी म्हणत. "त्या वर्षी माशाला खायला कमी मिळालं असेल, नुसती सावली पडलीय."

"सावली तुमच्या चष्म्यावर पडलीय. पुसा तो."

"चष्मा स्वच्छ आहे."

"मग डोकं पुसा!"

आणि खडा डबीत जाई. दोघांनाही त्या भांडणाची चटक लागली होती. रजेच्या दिवशी काजताईंना चुकल्यासारखं वाटे. घरी भांडावं तर त्यांचे यजमान ठार बहिरे. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, त्या धडधडीनं कान गेले. "जगातल्या सगळ्या माशांचे कान तपासतेस, एकदा माझे तपास," असं ते म्हणत, आणि तेही इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या गल्लीत लोक हसत. त्यांना काही सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगावं लागे. त्यामुळे काजताईंच्या घरात गुपित असं काही टिकत नसे. मनातलं सांगायला एक देव उरला होता. त्याला ऐकू येतं.

त्या वर्षी कामाचा डोंगर होता. खाडीच्या तोंडाशी समुद्रगवताचं मोठं कुरण आहे. माशांची पिल्लं तिथं लपतात, खातात, वाढतात. जाळ्यांनी ते कुरण पार खरवडून निघालं होतं, म्हणून काही वर्षांपूर्वी तिथली मासेमारी बंद केली होती. आता बंदी उठवावी का, हे ठरायचं होतं. ठरवणाऱ्यांची बैठक होणार होती आणि तिथं मॅडमना सांगायचं होतं, की कुरणाजवळच्या तांबड्या माशांचं वय काय.

वय कशाला हवं, असं काजताईंच्या जावयानं एकदा जेवताना विचारलं होतं. तो छोट्या बोटीवर मासेमारी करायचा, बंदीमुळे त्याला लांब जावं लागे.

"हे बघा जावईबापू," काजताई म्हणाल्या, "एखाद्या गावात गेलात आणि सगळीकडे नुसती पोरंच दिसली, म्हातारं माणूस एकही नाही, तर काय समजाल?"

"काहीतरी साथ येऊन गेली असं."

"तसंच. समुद्रात म्हातारे मासे दिसले तर समजायचं, त्यांना जगायला मिळतंय. नुसतीच पोरं दिसली तर समजायचं, म्हातारं व्हायला कुणी उरतच नाहीये."

"मग सासूबाई, तुमच्याच हातात आहे की सगळं," जावई डोळे मिचकावत म्हणाला. "करा त्यांना थोडे म्हातारे. तुमचं काय जातंय?"

सगळे हसले. काय विनोद झाला ते यजमानांना कळलं नाही, पण तेही हसले.

आणि नशीब असं, की खडे खरोखरच चांगलं सांगत होते. चार, पाच, पाच, सहा. मासे वयानं वाढले होते. मॅडम खुशीत होत्या. "ताई, या वेळी तुमच्या दोघांचं इतकं एकमत, की डबी उघडायचं कामच नाही," त्या म्हणाल्या. काजताईही खूश झाल्या. बंदी उठेल, लेकीच्या घरी जरा बरे दिवस येतील. देवापुढे त्या दिवशी त्या जास्त वेळ बसल्या.

पण दुसऱ्या दिवशी टेबल पुसताना त्यांनी भांडणाची डबी उचलली. झाकणावर धूळ होती. बोटानं रेघ ओढता येईल इतकी.

काजताई थबकल्या. शेवटचं भांडण कधी झालं, ते त्यांना आठवेना. इतकी वर्षं ज्या माणसाशी धड दोन दिवस पटलं नाही, त्याच्याशी एवढं एकमत कसं झालं? नवरा-बायकोचंसुद्धा होत नाही!

त्या दिवशी त्यांनी खड्याकडे कमी आणि घड्याळजींकडे जास्त पाहिलं. "वर!" म्हटलं की त्यांची स्वतःची बोटं वर जात. घड्याळजींची मात्र किंचित उशिरानं. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच उशीर. पण जन्मभर ज्यानं लोकांची घड्याळं वेळेवर आणली, तो माणूस मागे पडत होता.

तरी उगाच संशय नको म्हणून त्यांनी एक खडा निवडला. अगदी पोरसवदा माशाचा, इवलासा. कुणीही शेंबडं पोर सांगेल की दोन वर्षांचा. दोघांनी आळीपाळीनं बघितला. समोरासमोर बसले.

"वर!"

काजताईंनी सहा बोटं वर केली.

आणि समोर घड्याळजींची सहा बोटं वर गेली.

घड्याळजींनी आधी काजताईंच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. एका हाताची पाच, दुसऱ्याचा अंगठा. तो अंगठा त्यांनी हळूच मिटला, चोरी पकडल्यासारखा.

"सहा?" काजताई म्हणाल्या. "हा तर अजून दुधाच्या दातांचा आहे, घड्याळजी."

"माशाला दुधाचे दात नसतात."

"विषय बदलू नका."

घड्याळजींनी चष्मा काढला. पुसायचं काही कारण नव्हतं, तरी पुसत बसले.

"केव्हापासून चाललंय हे?"

"झाले काही महिने."

"पण का?"

घड्याळजी खिडकीकडे बघत म्हणाले, "तुम्ही एक कडी जास्त मोजताय, ताई. लहान खड्यात नाही, मोठ्या खड्यात. कडेला. आधी मी डबीत टाकायचो. मॅडम उघडायच्या, निकाल माझ्या बाजूनं जायचा. दर वेळी माझ्याच. तुम्ही हसून न्यायचात. पण एकदा तुम्ही बाहेर गेलात आणि तोंड धुऊन आलात. डोळे लाल होते. म्हणालात, साबण गेला. साबण तर संपला होता त्या दिवशी, मीच आणायचा विसरलो होतो."

काजताईंनी तो इवलासा खडा चिमट्यानं उचलून बाटलीत ठेवला.

"त्यानंतर माझ्यानं वेगळी बोटं वर होईनात. म्हटलं, एका कडीनं काय बिघडतंय?"

एका कडीनं काय बिघडतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. चारचा मासा पाचाचा झाला, पाचाचा सहाचा. कागदावर सगळं गाव वर्षानं म्हातारं झालं. त्या जोरावर बंदी उठली असती आणि जाळी पुन्हा त्या कुरणात उतरली असती. काजताईंना आठवलं, हल्ली रस्त्यावरच्या दिव्यांभोवती त्यांना कडं दिसायचं. बसवरचा आकडा दोनदा उमटल्यासारखा दिसायचा. त्यांना वाटायचं, बसची काचच मळकी आहे. सूक्ष्मदर्शकाची काच तर त्या दिवसातून किती वेळा पुसायच्या. मळ काचेवर नव्हताच.

"मी सांगतो मॅडमना," घड्याळजी म्हणाले. "चूक माझी आहे. तुमचे डोळे गेले हा काही गुन्हा नाही. पण मी बघून न बघितल्यासारखं केलं. पुन्हा असं होणार नाही, कानाला खडा लावला."

एवढ्या कठीण वेळीसुद्धा काजताईंना हसू फुटलं. "कानाला खडा म्हणे! दिवसभर दुसऱ्यांच्या कानातले काढता, आणि स्वतःला मात्र लावता!" आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी साबणाचं नाव घ्यायची गरज नव्हती.

घरी गेल्यावर त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. यजमानांना सांगायचं तर खिडक्या लावून घ्याव्या लागल्या असत्या. त्या देवापुढे बसल्या. बाकी काही मागितलं नाही, पाय लटपटू नयेत एवढंच मागितलं. कारण घरी येताना त्यांना जावयाचा विनोद आठवला होता. "करा त्यांना थोडे म्हातारे." तो सगळ्यांसमोर बोलला होता. उद्या हे कळलं की लोक म्हणतील, सासूनं जावयासाठी मासे म्हातारे केले. आणि गप्प बसलं तर? बैठक झाली असती, बंदी उठली असती, जावई बोट घेऊन गेला असता. कुणालाच कळलं नसतं. एक घड्याळजी होते, पण ते अबोलच.

हा शेवटचा विचार मनात आला तेव्हा त्यांची त्यांनाच भीती वाटली. त्या उठल्या आणि कामाला लागल्या.

सकाळी दोघं मॅडमच्या दारात उभे राहिले, शाळेतल्या दोन पोरांसारखे. आधी कोण बोलणार यावरून तिथंही कुजबुज झाली.

"मी सांगतो म्हटलं ना."

"तुम्ही चहा मागण्यापलीकडे काही बोलता का कधी? सरका."

काजताईंनी सगळं सांगितलं. सहा बोटांचंही. मॅडम ऐकत राहिल्या. रागावतील, असं दोघांना वाटलं होतं. मॅडमनी नुसते हात तोंडावर ठेवले.

"डबी रिकामी आहे म्हणून मी खूश होत होते," त्या शेवटी म्हणाल्या. "तिथंच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. तुम्ही दोघं भांडायचे थांबलात, म्हणजे काहीतरी गडबड आहे."

"आमच्या मोजणीतला एकही आकडा बैठकीत नेऊ नका, मॅडम," काजताई म्हणाल्या. "दुसऱ्या माणसांकडून मोजून घ्या सगळे. माझं काम गेलं तरी चालेल."

"काम नंतर बघू. आधी डोळे दाखवा."

"आधी खडे," काजताई म्हणाल्या. एवढंच एक त्या आवाज चढवून बोलल्या.

बैठक पुढे ढकलावी लागली. मॅडमना वरून बोलणी बसली, पण त्यांनी ती दोघांपर्यंत येऊ दिली नाहीत. दुसऱ्या केंद्रातून दोन मोजणारे आले. त्यांनी दोन वेगळ्या खोल्यांत बसून सगळे खडे नव्यानं वाचले. बोटं वर करायची पद्धत मोडली. घड्याळजी एका कोपऱ्यात बसून पाहुण्यांना बाटल्या काढून देत होते. काजताईंचं स्टूल रिकामं होतं. त्यावर कुणी बसू लागलं की ते म्हणत, "एक पाय डुगडुगतो त्याचा, दुसरं घ्या." चारही पाय भक्कम होते.

निकाल आला. मासे वर्षानं लहान होते. कुरण सावरत होतं, पण मासे अजून पोरसवदाच होते. बंदी आणखी काही मोसम राहणार होती.

ही बातमी जावयाला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपण सांगायची, असं काजताईंनी ठरवलं होतं. त्या दुपारी त्या धक्क्यावर गेल्या. जावयानं बोट काठावर ओढून घेतली होती आणि तिला निळा रंग देत होता. नव्या मोसमाची तयारी. काजताईंना पाहून त्यानं ब्रश ठेवला आणि हात देऊन त्यांना फळीवरून बोटीत घेतलं, बसायला पोतं अंथरलं.

काजताईंनी आडवळण घेतलं नाही. डोळ्यांचं सांगितलं, जादा कडीचं सांगितलं, घड्याळजींचं सांगितलं. बंदी उठणार नाही, हे सांगितलं.

जावई ऐकत होता. हळूहळू त्याची मान खाली गेली.

"म्हणजे तुम्ही बोलला नसतात तर उठली असती."

"हो."

"आणि घरात मी एवढा आशेवर बसलोय, ते तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं म्हणूनच पाय जड झाले होते, बापू."

तो उठला आणि बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून उभा राहिला. खाली पाणी लाकडावर चुबुक चुबुक करत होतं. काजताईंना वाटलं, आता हा बोलणार नाही. लेकीशीही भांडेल कदाचित. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि त्याला बोलायला भाग पाडलं नाही.

"लोक म्हणतील," तो तसाच उभा राहून म्हणाला, "मीच तुम्हाला सांगितलं होतं म्हणून. मी बोललो होतो ना तेव्हा, जेवताना."

"म्हणतील."

"चेष्टा होती ती."

"मला माहीत आहे. पण सहा महिने थांबा, लोकांना दुसरं काहीतरी सापडेल."

जावई खांदे उडवून कसनुसं हसला. मग वळून म्हणाला, "लहान होते म्हणता? अजून?"

"पोरसवदा. अजून एकदाही अंडी न घातलेले बरेच."

"माझ्या आज्ज्यानं इथं एवढाले धरलेत," त्यानं दोन्ही हात फाकवले, मग थोडे जवळ आणले आणि शेवटी सोडून दिले. रंगाच्या डब्याजवळ बसून त्यानं झाकण दाबून बसवलं. अर्धी बाजू निळी, अर्धी जुनीच राहिली. राग गेला नव्हता. झाकण बसलं होतं तरी तो दाबतच राहिला.

"डॉक्टरनं काय सांगितलं?" त्यानं खाली बघतच विचारलं.

"मोतीबिंदूचा पडदा आलाय म्हणाले. काढता येतो. एका वेळी एक डोळा."

"कधी?"

"सोमवारी या म्हणाले. मी जाईन बसनं."

"बसवरचा आकडा दिसतो का तुम्हाला?"

काजताई खालचं पोतं सरळ करत राहिल्या.

"मग?" जावई म्हणाला. "भलत्याच गावाला पोचाल. मी येतो गाडी घेऊन. तसंही मला आता काय काम आहे!"

शेवटच्या वाक्यात टोचणी होती, आणि ती काजताईंनी मुकाट्यानं घेतली. त्यावर त्याचा हक्क होता. त्या उठल्या. ऊन पाण्यावर चकाकत होतं, आणि त्या चकाकीत धक्क्यावर जायची फळी त्यांना दोन दिसत होती. कुठल्या फळीवर पाय ठेवावा ते कळेना. त्या तशाच उभ्या राहिल्या.

जावयानं बघितलं. तो फळीवर आधी उतरला, हात मागे केला आणि त्यांचं कोपर धरलं. त्याच्या हाताचा निळा रंग त्यांच्या बाहीला लागला.

"या, आई," तो म्हणाला. "मी आहे त्या बाजूची खरी."